डोके आपटणारा मुलगा आणि न विचारलेला प्रश्न : एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

ही हकिकत ज्या वर्षाची आहे त्या वर्षी मुलगा सव्वाचार वर्षांचा होता आणि ती संपते तेव्हा सव्वापाच वर्षांचा झाला होता. कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून नावे वगळली आहेत आणि काही तपशील बदलले आहेत. घटनांचा क्रम मात्र बदललेला नाही, कारण या प्रकरणातून घेण्यासारखे जे काही आहे ते त्या क्रमातच आहे. पालकांच्या संमतीने हे लिहिले आहे. मुलाबरोबर काम करणाऱ्या चमूत आम्ही होतो, त्यामुळे पुढे ज्या चुका नोंदवल्या आहेत त्यांतल्या बऱ्याचशा आमच्या आहेत.

घरात आई, वडील, आजी आणि मुलापेक्षा चार वर्षांनी मोठी बहीण. आई-वडील दोघेही नोकरी करणारे, त्यामुळे दुपारी मुलाला आजीच सांभाळत. दीड वर्षाच्या सुमारास तो दोन-तीन शब्द बोलू लागला होता; पुढच्या काही महिन्यांत ते शब्द गेले, हाकेला वळून पाहणेही थांबले. आधी ऐकण्याची तपासणी झाली. झोपेत मेंदूचा प्रतिसाद नोंदवणाऱ्या चाचणीत श्रवण ठीक निघाले आणि तो दोन वर्षे दहा महिन्यांचा असताना स्वमग्नतेचे, म्हणजे ऑटिझमचे, निदान झाले.

अहवालात 'तिसरी पातळी' असे लिहिले होते. २०१३ मध्ये आलेल्या डीएसएम-५ या निदानपुस्तिकेने ऑटिझमच्या तीन पातळ्या ठरवल्या आणि त्यांतल्या तिसरीचा अर्थ 'फार मोठ्या प्रमाणावर आधाराची गरज' असा दिला आहे. पालकांनी तो आकडा परीक्षेच्या निकालासारखा वाचला होता. पातळीवरून आज किती आधार लागतो ते कळते, पाच-दहा वर्षांनी मूल कुठे असेल ते कळत नाही, हे त्यांना समजावून सांगायला आम्हाला दोन बैठका लागल्या. 'गहन ऑटिझम', म्हणजे चोवीस तास मोठ्या माणसाची सोबत लागेल असा ऑटिझम, ही संज्ञाही त्यांच्या वाचनात आली होती. २०२१ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने ती वापरात आणली, पण आठ वर्षे व त्यापुढील वयासाठी, आणि त्यामागचे एक कारण हेच की लहान वयात असा शिक्का मारणे घाईचे ठरते.

सव्वाचार वर्षांचा असताना मुलगा एकही शब्द बोलत नव्हता. काही हवे असले की मोठ्या माणसाचे मनगट धरून त्या वस्तूपर्यंत ओढून नेई आणि तो हात वस्तूवर टेकवी, तोंडाकडे मात्र पाहत नसे. जेवणात मोजके चार पदार्थ, सगळे कोरडे आणि कुरकुरीत. बाकी पोट दुधावर. दिवसरात्र डायपर. बरणीचे झाकण फरशीवर भिंगरीसारखे फिरवणे, झोपाळा आणि साबणाचे फुगे हे त्याचे तीन आनंद. आठवड्यातून दोनदा तो आमच्या केंद्रात येई. प्रगती संथ असली तरी होत होती.

समस्या कशी सुरू झाली

साडेचार वर्षांचा होण्याच्या थोडे आधी त्याने डोके आपटायला सुरुवात केली. पहिल्या आठवड्यात दिवसातून एखाद-दोन वेळा, फरशीवर, फार जोरात नाही. महिन्याभरात ते दिवसाला वीस-पंचवीस वेळांवर गेले. भिंत, टेबलाची कड, सांभाळणाऱ्याची हनुवटी, जे जवळ असेल त्यावर तो डोके आपटे. काही सापडले नाही तर मुठीने कानशिलावर मारून घेई आणि डाव्या मनगटाला चावे. रात्री दोनच्या सुमारास तो किंचाळत उठे आणि पहाटेपर्यंत पुन्हा झोपत नसे. आई-वडिलांनी रात्रीच्या पाळ्या लावल्या. बहिणीचा अभ्यास शेजाऱ्यांकडे हलला. कपाळावर मधोमध एक निळसर गाठ आली, ती उतरण्याआधीच तिच्यावर दुसरी येई.

याच काळात त्याला पातळ शी होऊ लागली होती. डायपरमध्ये दिवसातून चार-पाच वेळा थोडेथोडे डाग दिसत. घरच्यांनी ते जुलाब धरले आणि पोट बांधून येईल असा आहार ठेवला. फोनवर घेतलेल्या वैद्यकीय सल्ल्यातही जुलाब म्हणूनच त्याचा विचार झाला. या गोष्टीचा डोके आपटण्याशी काही संबंध असेल असे कोणालाही वाटले नाही. आम्हाला तर पोटाचे काही चालले आहे हेच माहीत नव्हते, कारण आम्ही ते विचारले नव्हते.

पहिला निर्णय आणि एकोणीस दिवस

पालक घाबरून आमच्याकडे आले तेव्हा आम्ही दोन सत्रांत मुलाचे निरीक्षण केले. दोन्ही वेळा टेबलाशी बसवून काम दिले की काही मिनिटांत तो डोके आपटे आणि काम थांबवले की बहुतेक वेळा शांत होई. वर्तनाच्या अभ्यासात आधी काय घडले, मग मुलाने काय केले आणि त्यानंतर काय झाले, अशी तीन पायऱ्यांची नोंद करून त्या वर्तनाचा उपयोग काय हे शोधतात. नको असलेल्या गोष्टीतून सुटका, लोकांचे लक्ष, हवी असलेली वस्तू, किंवा त्या कृतीतूनच मिळणारी संवेदना, अशी चार उत्तरे साधारणपणे तपासली जातात. आम्हाला पहिले उत्तर मिळाले, ते निरीक्षणाशी जुळतही होते, आणि आम्ही तिथेच थांबलो.

सल्ला असा दिला : डोक्याखाली मऊ उशी सरकवावी, इजा होऊ देऊ नये, पण आपटण्याकडे लक्ष देऊ नये आणि त्यामुळे काम बंद करू नये. सुटका मिळत नाही हे कळले की वर्तन ओसरेल, असा हिशेब होता. सुरुवातीला ते वाढेल याचीही पूर्वसूचना दिली होती. जे वर्तन आजवर फळ देत होते ते अचानक निष्फळ झाले की काही दिवस उसळी घेते, हे खरे आहे आणि नोंदलेलेही आहे. अडचण अशी की या पूर्वसूचनेमुळे पुढे जे काही बिघडेल ते योजना बरोबर असल्याचाच पुरावा वाटू लागते. पाचव्या दिवशी वाढले तेव्हा आम्ही म्हणालो, अपेक्षितच आहे. बाराव्या दिवशी आणखी वाढले तेव्हाही जवळपास तेच म्हणालो.

एकोणिसाव्या दिवशी वडील एकटेच आले. बसले नाहीत. उभ्यानेच म्हणाले, "तुम्ही सांगता म्हणून मी तोंड फिरवून बसतो. काल तो आपटता आपटता माझ्याकडे बघत होता. तो एरवी बघत नाही कोणाकडे." त्या मुलाने नजर देणे ही इतकी विरळा गोष्ट होती की चमूतल्या प्रत्येकाला ते वाक्य लागले. त्याच दिवशी योजना थांबवली. बाराव्या दिवशीच ती थांबवायला हवी होती, हे आज निःशंकपणे म्हणता येते : इजा वाढत असेल तर उसळी कधीपर्यंत समजायची आणि अपयश कधीपासून, याची मुदत योजना सुरू करण्याआधीच लिहून ठेवायला हवी. आम्ही ती लिहिली नव्हती.

विचारात घेतलेले पर्याय

पुढच्या बैठकीला आजी सोडून सगळे होते. आजी घरी मुलाजवळ थांबल्या. टेबलावर तेव्हा पुढील पर्याय आले.

औषध. रिस्पेरिडोन हे औषध ऑटिझममधील तीव्र चिडचिड, आक्रमकता व स्वतःला इजा करून घेणे यांसाठी २००६ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने मंजूर केले, तेही ५ ते १६ या वयोगटासाठी. अनेक मुलांना त्याचा उपयोग होतो, हे मान्य करायला हवे. औषध म्हणजे हार असे मानणारे पालक आणि कधीकधी सल्लागारही मुलाला विनाकारण सोसायला लावतात. पण वजन झपाट्याने वाढणे, सुस्ती, हार्मोनांतले बदल हे त्याचे ज्ञात दुष्परिणाम आहेत आणि मुलगा अजून पाच वर्षांचा नव्हता. बालमानसोपचारतज्ज्ञांनी दारे बंद केली नाहीत. आधी शारीरिक कारण वगळा, सहा आठवड्यांनी पुन्हा या, असे ते म्हणाले. 'शारीरिक कारण' हे शब्द या प्रकरणात पहिल्यांदा तेव्हा उच्चारले गेले.

सघन थेरपी. आठवड्याला चाळीस तासांच्या वर्तनोपचाराचा उल्लेख पालकांनी वाचला होता. त्या आकड्याचा उगम १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या मानसशास्त्रज्ञ लोव्हास यांच्या अभ्यासात आहे. त्यात मुलांची विभागणी चिठ्ठ्या टाकून केलेली नव्हती आणि उपचारांत शिक्षेचाही वापर होता, त्यामुळे तो आकडा जसाच्या तसा उचलणे योग्य नाही. त्याहून साधा मुद्दा असा की जे मूल दिवसाला वीस वेळा डोके आपटत आहे त्याचे टेबलावरचे तास वाढवण्यात अर्थ नव्हता.

हेल्मेट. मऊ अस्तराचे हेल्मेट आणून पाहिले. त्याने ते चार मिनिटांत काढून फेकले आणि मग मनगटाला अधिक चावू लागला. कपाळावरची जखम चिघळली तरच पुन्हा प्रयत्न करायचा, असे ठरले.

निवासी संस्था. एका नातेवाइकाने सुचवलेली. आई यावर काही बोलल्या नाहीत. वडिलांनी विषय बदलला. आम्हीही रेटला नाही, आणि ते बरोबर होते असे वाटते. दमलेल्या कुटुंबाने सर्वांत वाईट आठवड्यात घेतलेला असा निर्णय पुढे उलगडणे कठीण जाते. मात्र मुलगा मोठा झाल्यावर हा पर्याय विचारातच घ्यायचा नाही, असेही आम्ही म्हटले नाही.

शरीरातले 'विष' काढणे. त्याच नातेवाइकाने चिलेशनची, म्हणजे शरीरातून जड धातू काढून टाकणाऱ्या औषधांची, माहिती पाठवली होती. इथे आम्ही स्पष्ट नकार सांगितला. ऑटिझमवर त्याचा उपयोग होतो असा पुरावा नाही आणि २००५ मध्ये अमेरिकेत एका पाच वर्षांच्या ऑटिस्टिक मुलाचा अशा उपचारादरम्यान मृत्यू झाला आहे. गहू आणि दूध पूर्ण बंद करण्याच्या आहाराबाबतही पालकांना विचारायचे होते. जो मुलगा मुळात चारच पदार्थ खातो त्याच्या ताटातून आणखी दोन काढायचे, तर खायला उरते काय, एवढेच उत्तर त्यावर पुरेसे झाले.

शेवटी ठरले ते सगळ्यांत कमी आकर्षक होते : चौदा दिवस कोणतीही नवी योजना सुरू करायची नाही. डोके आपटले की उशी, जवळ बसणे, हवे ते देणे. आणि घरातल्या प्रत्येकाने एका वहीत नोंद करायची.

वही

वही दोनशे पानी, शाळेची. बहिणीने पट्टी घेऊन रकाने आखले : वेळ, कुठे, आधी काय चालले होते, नंतर काय केले. शेवटचा रकाना 'इतर' असा होता आणि तो आम्ही केवळ पान भरावे म्हणून ठेवला होता.

आई-वडिलांच्या नोंदी नीटनेटक्या आहेत. 'सायं. ७.२०, बैठकीची खोली, टीव्ही बंद केला, तीन वेळा भिंतीवर, उशी दिली.' यातून काही फारसे हाती लागले नाही. आजींच्या नोंदी मात्र वेळेच्या रकान्यात न मावता आडव्या पसरल्या आहेत. चौथ्या दिवसाचे त्यांचे पान असे : 'जेवल्यावर अर्ध्या तासाने सोफ्याच्या हातावर पोट टाकून आडवा झाला. पाय उचलले. पोट दाबतो. मग उतरला आणि डोके. असे रोजच करतो. मग थोडी शी झाली की जरा वेळ बरा.' सहाव्या दिवशी : 'आजही सोफा. पोट हाताला टणक लागते डावीकडे खाली.' नवव्या दिवशी फक्त 'सोफा' आणि वेळ.

हे वाचून आमच्यातल्या ऑक्युपेशनल थेरपिस्टने (रोजची कामे जमावीत म्हणून मुलांबरोबर काम करणाऱ्या तज्ज्ञ) पान बोटाने धरून ठेवले आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. कठीण वस्तूवर पोट टाकून दाबणे हे न बोलणाऱ्या मुलांत पोटदुखीचे लक्षण असू शकते, ही काही गुप्त माहिती नाही. २०१० मध्ये पीडिअॅट्रिक्स या नियतकालिकात ऑटिस्टिक मुलांच्या पचनाच्या तक्रारींवर तज्ज्ञांचे जे सहमतीपत्र आले, त्यात अशा शारीरिक मुद्रा, तसेच अचानक सुरू झालेले आक्रमक किंवा स्वतःला इजा करणारे वर्तन, यांकडे वेदनेची खूण म्हणून पाहावे असे सांगितले आहे. आमच्या केंद्रात तो मुलगा सोफ्यावर पोट दाबताना कोणाला दिसला नाही, कारण आमच्याकडे सोफा नव्हता आणि जेवणानंतरच्या अर्ध्या तासात तो आमच्याकडे कधी नसे.

निदान झाल्यानंतर मुलाची प्रत्येक तक्रार त्या निदानाच्या खात्यावर जमा होते, ही वैद्यकात परिचित असलेली चूक आहे. रात्री उठतो, ऑटिझम आहे. खात नाही, ऑटिझम आहे. डोके आपटतो, ऑटिझम आहेच. बोलू शकणाऱ्या मुलाने 'पोट दुखतेय' म्हटले असते तर त्याच दिवशी पोट तपासले गेले असते.

केलेली कृती : पोट

आजींची पाने घेऊन पालक बालरोगतज्ज्ञांकडे गेले. तपासताना पोटाच्या डाव्या खालच्या भागात घट्ट गोळा हाताला लागला. मुलाला जुलाब नव्हते, तीव्र बद्धकोष्ठता होती. मोठ्या आतड्याच्या शेवटी शी साठून कडक होते, वरून येणारी पातळ शी तिच्या कडेने झिरपते आणि डायपरमध्ये जुलाबासारखी दिसते. म्हणजे घरात जो आहार उपाय म्हणून चालू होता तो आगीत तेल ओतत होता. कान आणि दातही तपासले, तिथे काही निघाले नाही.

बद्धकोष्ठता आताच का, याचे एकच उत्तर मिळाले नाही. खाणे अगदी मर्यादित, दूध भरपूर, पाणी कमी. शिवाय डोके आपटणे सुरू होण्याच्या काही आठवडे आधी रक्तात लोह कमी आढळल्याने लोहाचे औषध चालू झाले होते आणि त्याने शी कडक होऊ शकते. लोहाची गरज खरीच होती, त्यामुळे डॉक्टरांनी ते बंद न करता बदलून दिले.

साठलेले आधी मोकळे करण्यासाठी पॉलिइथिलीन ग्लायकॉल हे पाण्यात विरघळणारे औषध काही दिवस मोठ्या मात्रेत आणि नंतर रोज लहान मात्रेत, असा उपचार ठरला. पहिले चार दिवस घरात कोणी झोपले नाही असे आई सांगतात. डॉक्टरांनी एक गोष्ट निक्षून सांगितली होती आणि तिचे महत्त्व पुढे कळले : पोट साफ झाले म्हणून औषध पंधरवड्यात बंद करू नका. ताणले गेलेले आतडे पूर्ववत व्हायला कित्येक महिने लागतात आणि औषध लवकर थांबवले की तेच पुन्हा होते. तिसऱ्या महिन्यात, सगळे बरे चालले आहे असे पाहून, वडिलांनी ते स्वतःहून थांबवले. अकराव्या दिवशी मुलगा पुन्हा सोफ्यावर आडवा झाला. या वेळी आजींनी वही न उघडता थेट मुलाच्या वडिलांना फोन लावला.

औषध सुरू झाल्यावर दहाएक दिवसांत रात्रीचे उठणे निम्म्याहून कमी झाले आणि जेवणानंतरचे डोके आपटणे जवळजवळ थांबले.

केलेली कृती : 'थांब'

टेबलापाशी मात्र ते चालूच राहिले. इथे प्रकरणाला दुसरे वळण मिळते आणि आमचे पहिले निरीक्षण पूर्णपणे चुकीचे नव्हते हेही दिसते. पोट दुखत असताना डोके आपटले की काम थांबते, हे मुलाने त्या दोन महिन्यांत शिकून घेतले होते. दुखणे गेले, पण शिकलेले उरले. त्याच्याकडे 'नको' म्हणण्याचा दुसरा मार्गच नव्हता.

कार आणि ड्यूरँड या मानसशास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये दाखवलेली पद्धत अशा वेळी उपयोगी पडते : त्रासदायक वर्तनातून मूल जे मिळवते तेच त्याला अधिक सोप्या आणि कमी धोक्याच्या खुणेने मिळवून द्यायचे. आम्ही तळहाताएवढे लाल कार्ड केले, त्यावर उघडा पंजा, आणि ते टेबलाच्या कडेला वेल्क्रोने चिकटवले. एकजण मुलासमोर बसे, दुसरा मागे. अस्वस्थतेची पहिली खूण, म्हणजे त्याची उजवी टाच जमिनीवर घासू लागणे, दिसताच मागचा माणूस त्याचा हात धरून कार्ड काढायला लावी आणि समोरच्याच्या हातात ठेवायला लावी. समोरचा लगेच 'थांब' म्हणून काम बाजूला सरकवी. डोके खाली जाण्याच्या आत हे घडायला हवे. ते नंतर घडले तर आपटणे आणि कार्ड यांची साखळी बनते आणि मूल दोन्ही करू लागते. टाच ओळखायला आम्हाला आठवडा लागला, आईंना एक दिवस.

पालकांचा मोठा आक्षेप असा होता की कार्डाची सवय लागली तर तो बोलायचा प्रयत्नच करणार नाही. ही भीती जवळजवळ प्रत्येक कुटुंबात असते. चित्रे किंवा यंत्रांच्या साह्याने संवाद शिकवल्याने बोलणे मागे पडते, असे आजवरच्या अभ्यासांत दिसलेले नाही. काही मुलांत थोडे वाढलेलेच आढळते. हे सांगितले तरी आईंचे समाधान झाले नाही. "आमच्या समोर तो एकदा बोललाय," एवढेच त्या म्हणाल्या. गेलेल्या त्या दोन-तीन शब्दांची जागा कार्डाला देणे त्यांना जड जात होते. त्यावर युक्तिवाद करण्याऐवजी आम्ही तीन आठवड्यांची मुदत मागितली.

दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीस त्याने मागच्या माणसाची वाट न पाहता स्वतः कार्ड ओढून काढले. पुढच्या सत्रात त्याने ते चाळीस मिनिटांत तीसएक वेळा दिले. काम शून्य झाले. वडील वैतागले : "हा तर कार्ड दाखवून पळतोय." त्यांचे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होते. तरीही प्रत्येक वेळी कार्डाचा मान राखायचा, यावर आम्ही ठाम राहिलो, कारण नव्या शब्दाला सुरुवातीलाच नकार मिळाला तर मूल जुन्या शब्दाकडे परत जाते, आणि इथे जुना शब्द म्हणजे भिंत होती. महिन्याभराने कार्ड आणि थांबणे यांच्यात पाच सेकंदांचे अंतर घातले, मग दहा, मग 'एक मणी ओव आणि मग थांब'.

यात एक चूक आधी होऊन गेली होती. पोटाचे प्रकरण ताजे असल्याने चमूने सर्वांत पहिले कार्ड 'शी' हे केले होते. ते मोठ्यांच्या सोयीचे होते, मुलाला त्यात काहीच हवेसे नव्हते. दहा दिवस ते भिंतीवर नुसते लटकत राहिले. चित्रांच्या देवघेवीने संवाद शिकवणारी पेक्स ही पद्धत बाँडी आणि फ्रॉस्ट यांनी १९८५ पासून विकसित केली. तिचा पहिलाच नियम असा की मुलाला जिवापाड आवडणाऱ्या वस्तूपासून सुरुवात करा. आम्ही तो नियम शिकवतो. तरी विसरलो. मग साबणाच्या फुग्यांचे कार्ड केले आणि ते त्याने दोन दिवसांत उचलले.

निष्पत्ती

सव्वापाच वर्षांच्या वयात मुलगा अकरा कार्डे वापरतो. त्यांतले एक त्याने स्वतःच निवडले : बहिणीच्या वहीतला झाकणाच्या चित्राचा कपटा तो वडिलांना नेऊन देऊ लागला, तेव्हा त्याचे कार्ड झाले. डोके आपटणे आठवड्यातून तीन-चार वेळांवर आले आहे, बहुधा आजारपणात किंवा दिनक्रम कोलमडल्यावर. कपाळावरची गाठ गेली, तिथली त्वचा थोडी जाड राहिली आहे. आठवड्यातल्या पाच रात्री घर झोपते. रिस्पेरिडोनची गरज सहा आठवड्यांनी झालेल्या भेटीत भासली नाही. पुढे भासली तर ते सुरू करण्याची पालकांची तयारी आहे.

बोलणे आलेले नाही. डायपर सुटलेले नाही, जरी सकाळच्या खाण्यानंतर तो पॉटवर दहा मिनिटे बसतो आणि कधीकधी तिथेच होते. दुखते कुठे ते त्याला अजूनही सांगता येत नाही. पोटाच्या चित्राचे कार्ड आम्ही दोनदा शिकवून पाहिले आणि दोन्हीदा सोडून दिले, कारण दुखणे समोर ठेवून दाखवता येत नाही आणि ते शिकवायला दुखण्याचीच वाट पाहावी लागते. त्याऐवजी फ्रिजवर एक यादी लावली आहे : शेवटची शी कधी, कोणत्या प्रकारची, ताप, कान ओढतो का, दात, सोफा. वर्तन बिघडले की आधी ही यादी, मग बाकीचे.

आईंनी अर्धवेळ काम पुन्हा धरले आहे. आजींचे गुडघे थकले आहेत आणि मुलगा जड होत चालला आहे. दुपारची व्यवस्था पुढच्या वर्षी कशी करायची हा प्रश्न उघडाच आहे. एकदा तो दार उघडून रस्त्यापर्यंत गेला होता, त्यामुळे दाराला वर उंचावर कडी बसवली, पण खुर्ची ओढून नेण्याचे वय आता दूर नाही.

वेगळे काय करता आले असते

शारीरिक तपासणी आधी व्हायला हवी होती. न बोलणाऱ्या मुलात स्वतःला इजा करण्याचे वर्तन अचानक सुरू झाले किंवा अचानक वाढले तर पोट, कान, दात, झोप, नव्याने चालू झालेली औषधे आणि अपस्माराची शक्यता पाहिल्याशिवाय वर्तनाची योजना लिहू नये, असा नियम आता आमच्याकडे आहे. तो आधीही कागदावर होता. 'आमच्याकडे येण्यापूर्वी हे झाले असेलच' असे गृहीत धरल्यामुळे तो पाळला गेला नाही. घरच्यांना वाटले केंद्र पाहील, केंद्राला वाटले डॉक्टरांनी पाहिले असेल, आणि डॉक्टरांपर्यंत फोनवर फक्त 'जुलाब' हा शब्द पोचला होता.

दोन सत्रांचे निरीक्षण अपुरे होते, हेही खरे, पण वेळ वाढवूनही फारसा फरक पडला नसता. आम्ही मुलाला टेबलाशी पाहत होतो, म्हणून आम्हाला टेबलाचेच कारण सापडले. पोटाचे कारण जिथे दिसत होते त्या खोलीत, त्या वेळेला, एकच व्यक्ती होती, आणि पहिल्या मुलाखतीला, दुसऱ्या बैठकीला, पर्यायांच्या चर्चेला, कुठेच तिला बोलावले गेले नव्हते. आम्ही आजींकडे मुलाला सांभाळणाऱ्या म्हणून पाहिले, माहिती देणाऱ्या म्हणून नाही. नंतर एकदा त्यांना विचारले की पोट टणक लागते हे आधी का नाही सांगितले. त्या म्हणाल्या, "मला वाटलं तुम्हाला ठाऊक असणार. तुम्ही एवढे शिकलेले."

आता आमच्या पहिल्या भेटीच्या अर्जात शी किती वेळा, किती आणि कशी होते हा प्रश्न पहिल्या पानावर आहे, आणि त्याच्यापुढे कंसात सूचना आहे : हा प्रश्न डायपर बदलणाऱ्या व्यक्तीला विचारावा.